निवेदनातला दहाचा आकडा

सकाळी पोह्यांवर भुरभुरायला लवंगशेवेचं पाकीट उघडलं आणि बेसनाचा नि कुटलेल्या लवंगेचा तो घशाशी किंचित झोंबणारा वास स्वयंपाकघरात पसरला. इंदूरच्या माणसाला या वासाचं अप्रूप वाटू नये. पण माझा हात थांबला. एके काळी रोजच्या दुपारी मी याच वासात बसत असे. शेव बनवणाऱ्यांच्या संघटनेचं कार्यालय म्हणजे अध्यक्षांच्या कारखान्यावरची एक खोली, आणि तिथली पत्रं लिहिणारी मी एकटीच.

अध्यक्ष साठी उलटलेले, मितभाषी, माळव्याच्याच मातीतले. त्यांच्याकडे बारा बायका कामाला होत्या, साऱ्या आसपासच्या गल्ल्यांतल्या. मुलांना शाळेत धाडून त्या चालत येत आणि शाळा सुटायच्या आत चालत घरी परतत. अशात सरकारी फर्मान निघालं : वस्तीतल्या भट्ट्या बंद करा, कारखाने शहराबाहेर न्या. धुराचा त्रास खराच होता, त्यामुळे नेमकं कुणाच्या बाजूनं लिहायचं हेच मला कळेना. संघटनेच्या बैठकीत मोठ्या कारखानदारांना बाहेरचे भूखंड हवे होते, मधल्यांना मुदत, लहानांना फक्त आहे तिथं राहायचं होतं. सगळ्यांचं ऐकून घेऊन अध्यक्ष मला म्हणाले, "ताईजी, छोटे लोगों की बात सबसे ऊपर लिखना."

मी लिहिलं : गॅसवर चालणारे छोटे कारखाने वस्तीत राहू द्यावेत. पण छोटा म्हणजे किती, हे साहेबलोक विचारणारच. मी 'दहापर्यंत कामगार' असं लिहून टाकलं. दहाच का, ते आजही सांगता येत नाही. आकडा गोल होता, वाजवी वाटला, एवढंच. अध्यक्षांनी निवेदन तीनदा वाचलं, ओळीओळीखाली बोट फिरवत. त्या ओळीपाशी बोट जरा रेंगाळलं, की तो माझा मागाहूनचा भास? मग त्यांनी सही केली.

भोपाळच्या फेऱ्या सुरू झाल्या. चौथ्या की पाचव्या खेपेला एका अधिकाऱ्यानं वैतागून विचारलं, "आप लोग आखिर चाहते क्या हैं?" सगळे एकदम बोलू लागले. ते थांबल्यावर अध्यक्ष मागून हळूच म्हणाले, "साहब, हमारे यहाँ औरतें पैदल काम पर आती हैं. उतनी दूर कैसे आएँगी?" अधिकाऱ्यानं मिटलेलं निवेदन पुन्हा उघडलं.

काही महिन्यांनी आदेश आला. त्यात माझं वाक्य होतं, जवळजवळ जसंच्या तसं, दहासकट. गल्लीत पेढे वाटले गेले, अध्यक्षांना हार घातले गेले. मी जिन्यावरून खाली पाहिलं. बारा बायका हसत, बोलत पाकिटं भरत होत्या. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी मी चाचरत म्हटलं, "दो औरतें कम कर दें तो?"

"कौनसी दो?" त्यांनी शांतपणे विचारलं.

त्यांनी कारखाना शहराबाहेर, सिमरोलच्या बाजूला हलवला. बायकांसाठी गाडी ठेवली, पण शाळेच्या वेळा जुळेनात आणि एकेक करत त्या गळाल्या. काहींना जुन्या गल्लीतच काम मिळालं, कारण तिथले लहान कारखाने त्या वाक्याच्या आधारानं टिकले होते. काही घरीच बसल्या. मी एकदा नव्या जागी गेले, तेव्हा चहा पुढे करत ते म्हणाले, "ताईजी, आपने अच्छा लिखा था." ते कौतुक होतं, समजूत होती, की आणखी काही, हे मी विचारलं नाही. आता विचारायला ते राहिले नाहीत.

वर्षं गेली की गोष्टी निवळतात असं मला वाटायचं. ही काही निवळत नाही. कधी वाटतं, बाकीच्यांचं निभावेल म्हणून स्वतःचं नुकसान दिसत असतानाही त्यांनी सही केली. कधी वाटतं, आकडा त्यांच्याही नजरेतून निसटला आणि मला अपराधी वाटू नये म्हणून ते गप्प राहिले. ही दोन्ही माणसं मला सारखीच ओळखीची वाटतात. त्यांतल्या कुणाच्या शेजारी मी इतकी वर्षं बसत होते, ते मात्र सांगता येत नाही.