हत्तीखडकावरून आलेली हाक

देवळीहून नदीकडे जाणारी गाडीवाट जिथं संपते, तिथं कडुनिंबाखाली जिजाबाईची चहाची टपरी होती. चार बल्ल्या, वर कपाशीच्या पऱ्हाट्यांचं छप्पर, एक चूल आणि एक बाकडं. समोर वर्धा नदीचं रुंद रेतीचं पात्र, पलीकडच्या काठापासून यवतमाळ जिल्हा. नवरा तापानं गेला तेव्हा जिजाबाई तिशीतली होती. मूलबाळ नव्हतं. भावानं माहेरी समुद्रपूरला चल म्हटलं, पण ती गेली नाही. लोक विचारत, बाईमाणूस नदीकाठी एकटं कसं राहतं? ती म्हणायची, "एकटी कुठं हो? माय वाहून राह्यली ना समोर." रोज दिवेलागणीला ती पाण्याच्या कडेला पणती ठेवी, नदीला हात जोडी, मगच तोंडात घास घाली. चाळीशी उलटली तरी या नेमात खंड नव्हता.

त्या घाटावर दोन तऱ्हेची माणसं येत. एक डोमाजीसारखे ढीवर, ज्यांचं पोटच नदीवर. त्यांना कोणी काही शिकवावं लागत नसे. दुसरे शौकीन. देवळीचे दुकानदार, पुलगावच्या मिलमधले कामगार, एखादा एसटीचा कंडक्टर. सुट्टीच्या दिवशी बांबूची काठी, दोर आणि गरी घेऊन यायचं, गरीला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावायची आणि ज्वारीच्या धांड्याचा तरंगा कधी बुडतो ते बघत दिवस घालवायचा. या शौकिनांचीच जिजाबाईला धास्ती.

कारण त्यांची बसायची जागा म्हणजे हत्तीखडक. टपरीपासून थोडं खाली नदी वळते, त्या वळणाआड डोहाच्या तोंडाशी हा काळा खडक. त्याच्या पुढ्यात खोल पाणी, तिथं मरळ आणि वाम चांगली लागायची. खडकाच्या पाठीमागं मात्र एक उथळ धार होती, घोट्याएवढी, पोरानंही ओलांडावी अशी. खोड होती ती या धारेत. वर सातपुड्याकडे पाऊस झाला की इथं लख्ख ऊन असतानाही नदी चढे, आणि चढताना ती आधी मागची धार भरून घेई. माणूस तरंग्याकडे डोळे लावून बसलेला, समोरचं पाणी तर जसंच्या तसं दिसतंय, आणि उठून मागं वळतो तर परतीची वाटच गेलेली.

एका वर्षी मिलमधला एक माणूस असाच अडकला. वळणाआड काठावरून दिसत नाही, तो तिथं आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. डोमाजी सहज जाळं काढायला गेला म्हणून तो माणूस वाचला. दुसऱ्या दिवसापासून जिजाबाईनं हुकूम काढला : नदीत उतरायचं तर जोडे कडुनिंबाच्या मुळाशी काढून ठेवायचे, वर आल्यावरच घालायचे. तसंही ओल्या खडकावर चपला घसरतातच. मुळाशी जोडा दिसला की समजायचं, त्या जोड्याचा धनी पाण्यात आहे. पाण्याचा रंग बदलला, फेस नाहीतर काडीकचरा वाहत आला, की ती मुळाशी नजर टाकी आणि जोडे असले की वळणापर्यंत धावत जाऊन ओरडे, "या रे वर! मासा नाई पळून चालला, नदी येऊन राह्यली!"

सुरुवातीला लोक हसले. "जिजाबाई, देवळात जोडे काढतो, आता मासे मारायलेबी काढायचे का?"

"देवळातले चोरीले गेले तर दुसरे भेटते," ती म्हणे, "इथं जोडे राह्यले अन् माणूस गेला, तर दुसरा कुठून आणू?"

हळूहळू तो रिवाजच पडला. पावसाळ्यात पाणी चढलं की डोमाजी आपला डोंगा, ती लहान होडी, बांधण्याआधी टपरीकडे तोंड करून विचारी, "वहिनी, हाय का कोणी?" जिजाबाई मुळाशी बघून उत्तर देई. त्या उत्तरावर डोंगा सुटे किंवा बांधला जाई. वर्षानुवर्षं त्यात चूक झाली नव्हती.

या शौकिनांत वासुदेवराव टेलर सगळ्यांत जुने. देवळीच्या बाजारात त्यांचं शिलाईचं दुकान. बारीक अंगाचे, मोजून बोलणारे. मासे खात नसत. धरलेला मासा हातात घेऊन निरखत आणि पुन्हा पाण्यात सोडून देत.

"टेलरभाऊ," जिजाबाई चहा देता देता म्हणे, "घरी सुई-दोरा, इथं गरी-दोरा. मन भरत नाई का तुमचं?"

"घरचा सुई-दोरा दुसऱ्याच्या अंगासाठी, बाई. हा माझ्यासाठी."

"अन् माप घेऊन, कपडा न शिवता, गिऱ्हाईक वापस पाठवणारा टेलर म्या दुसरा नाई पाह्यला!"

डोमाजी बाकड्यावरून हसे. "म्हणून तर त्यायच्या दुकानावर तेच तेच मासे येऊन राह्यले, वहिनी. उधारी नाई, तगादा नाई."

वासुदेवरावही हसत. जोडे मुळाशी नीट जोडून ठेवायचे, टाचा झाडाकडे. त्यांचा जोडा दिसला की जिजाबाई निर्धास्त असे. हा माणूस पाण्याचं समजून घेणारा, फेस दिसताच उठणारा.

एक्याऐंशी सालच्या भादव्यात त्यांच्या मुलीची, नलूची, ठरलेली सोयरीक मोडली. कारण काही सांगण्यासारखं नव्हतं. मुलाकडच्यांचं मन फिरलं, इतकंच. पण सुपाऱ्या फुटल्यावर मन फिरलं की बोल मुलीलाच लागतो. वासुदेवराव कुणाशी बोलले नाहीत. त्यांनी देवीपुढे नारळ ठेवला आणि मनातल्या मनात नवस केला, की नलूचं लग्न होईपर्यंत पायात वहाण घालणार नाही. नवस कुणाला सांगायचा नसतो. घरात बायकोनं, अन्नपूर्णाबाईंनी, काय ते ओळखलं. दुकानात लोकांना वाटलं, पायाला काही लागलं असेल. नवस देवाशी केलेला, तो देवाला पोचला. नदीकाठी मात्र माणसाची खूण त्याच्या जोड्यावरून पटत होती, हे त्यांच्याही ध्यानात आलं नाही.

त्या सोमवारी दुकान बंद ठेवून ते नदीवर आले. जिजाबाई सरपण आणायला मागच्या शेतांत गेली होती. ती परत आली तेव्हा बाकडं रिकामं, मुळाशी काही नाही. आकाश स्वच्छ होतं, कपाशीवर ऊन पडलं होतं. तिनं चूल पेटवली.

दुपार कलली आणि पाण्याचा रंग बदलला. आधी चहासारखा, मग शेणासारखा. फेस आला, काटक्या आल्या, एक अख्खं झुडूप गरगरत गेलं. डोमाजी डोंगा काठाला ओढत ओरडला, "वहिनी, जोरात येऊन राह्यली आज! हाय का कोणी खडकावर?"

जिजाबाईनं मुळाशी पाहिलं. "कोणी नाई! बांध तू!"

डोमाजीनं डोंगा बाभळीला बांधला आणि गावाकडे निघून गेला. त्यानंतर थोड्या वेळानं, पाण्याच्या घोंघाटातून एक हाक आली. लांबलेली, एक आणि मग पुन्हा एक. जिजाबाई उठून उभी राहिली. पलीकडच्या काठावर गुराखी असतात, पूर आला की गुरं वळवायला असेच ओरडतात. तिनं पुन्हा एकदा मुळाशी पाहिलं. मग ती खाली बसली आणि चुलीत लाकूड सारलं.

दिवे लागायच्या सुमाराला अन्नपूर्णाबाई शेजारच्या बबनरावांना घेऊन आल्या. "हे अजून घरी आले नाहीत. इथंच आले होते ना?"

"आज तर कोणीच नाई आलं, बाई. पाहा ना, एकबी जोडा नाई."

"जोडा?" अन्नपूर्णाबाईंचा आवाज बारीक झाला. "ते जोडा घालतच नाहीत, हो. सोयरीक मोडली तेव्हापासून अनवाणी आहेत."

जिजाबाईच्या हातातली पणती हातातच राहिली.

डोमाजी आला, माणसं कंदील घेऊन आली. वळणावरून दिसत होतं ते फक्त पाणी. हत्तीखडक होता तिथं नुसती एक उसळी. पुढं दोन दिवसांनी पूर ओसरला आणि खालच्या गावाजवळ बाभळीत वासुदेवराव सापडले.

खडकावर काय झालं ते देवालाच माहीत. डोळे तरंग्यावर असतील आणि मन नलूपाशी असेल. मागची धार भरलेली कळली नसेल. पण देवळीत दुसरंच बोललं जाऊ लागलं. टपरीवर चहा घेता घेता लोक बोलत.

"इतकी वर्षं नदीवर येणारा माणूस. त्याले पाणी चढलेलं समजलं नाई म्हणता?"

"मुलीची सोयरीक मोडलती ना. डोक्यात होतं काहीतरी."

"अन् अनवाणी काऊन गेला सांगा? परत यायचं असतं तं माणूस जोडे घालून जाते."

"आता त्या पोरीले कोण करन? बापानं जीव देल्लेलं घर."

जिजाबाई कप विसळत होती. तिच्या कानात ती हाक अजून होती. कुणालाही तिनं सांगितलं नव्हतं, डोमाजीलासुद्धा नाही. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की मी ऐकली आणि लाकूड सारलं? की डोमाजी, माझ्या शब्दावर तू डोंगा बांधला, अन् माणूस तर तिथंच ओरडत होता? या घाटावर तिचा शब्द म्हणजे शब्द, त्यावर तिची टपरी, तिचा मान. सांगितलं तर त्यातलं काही उरणार नव्हतं. न सांगितलं तर एका मेलेल्या माणसावर जीव दिल्याचा आळ राहत होता आणि एक जिती पोर डाग घेऊन बसत होती. तिनं देवापुढे बसून पाहिलं. देव काही बोलला नाही. बोलायचं तिलाच होतं.

आधी ती डोमाजीकडे गेली. तो जाळं शिवत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हातातला दोरा तोडला आणि म्हणाला, "मले हाक माराची होती, वहिनी. एक डाव. म्या डोंगा सोडला असता." एवढं बोलून तो उठून घरात गेला.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी जिजाबाई बसनं देवळीला उतरली. टेलरच्या घरी बायका बसलेल्या होत्या. अन्नपूर्णाबाई भिंतीला टेकून, शेजारी नलू. एकीनं तिला ओळखलं. "या, नदीवरच्या जिजाबाई ना?"

ती बसली नाही. उंबऱ्याच्या आतच उभी राहून म्हणाली, "मले सगळ्यायच्या देखत बोलाचं हाय. टेलरभाऊनं हाक मारलती. दोन डाव. म्या ऐकली. जीव द्याले गेलेला माणूस हाका मारत नाई. त्याले वर याचं होतं."

कोपऱ्यात बसलेली एक बाई, शोभाबाई, म्हणाली, "ऐकली, अन् बसून राह्यली तू?"

"हो."

"धावली नाई?"

"नाई धावली. मुळाशी जोडा नव्हता. मले वाटलं, गुराखी."

"वा गं बाई! जोडा मोठा झाला माणसापरीस?"

जिजाबाई लुगड्याचा पदर मुठीत धरून उभी राहिली.

नलूनं मान वर केली. "कशी होती हाक? नाव घेतलं कुणाचं?"

"नाव नाई समजलं, पोरी. पाणी लई वाजत होतं. लंबी होती. जोर लावून मारलेली."

नलूचा चेहरा ओढणीत गेला. अन्नपूर्णाबाईंनी बसलेल्या बायकांकडे पाहिलं आणि अगदी शांत आवाजात म्हणाल्या, "ऐकलं ना सगळ्यांनी? त्यांच्या पायात वहाण नव्हती ती नलूसाठी बोललेल्या नवसापायी. आणि त्यांनी हाक मारली होती. आता बाजारात जाऊन हेही सांगा."

शोभाबाईनं मान खाली घातली.

जिजाबाई वळली, तेव्हा अन्नपूर्णाबाई दारापर्यंत आल्या. "तुम्ही सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं. ते मी विसरणार नाही. पण तुमचं तोंड पाहिलं की मला ती हाकच ऐकू येणार. पुन्हा या घरी येऊ नका."

"नाई येत, माय," जिजाबाई म्हणाली, आणि पायरी उतरली.

पुढे घाटावर गिऱ्हाईक कमी झालं. काही शौकीन दुसरीकडे बसू लागले. जे येत त्यांना ती जोड्यांचं विचारीनाशी झाली. पावसाळ्यात पाण्यानं रंग बदलला की चुलीवरचा चहा तसाच सोडून, दुखरे गुडघे घेऊन ती स्वतः वळणापर्यंत चालत जाई, खडक डोळ्यांनी बघून येई. कधी कधी पलीकडून गुराखी ओरडे, तरी जाई. डोमाजी तिच्याशी कामापुरतं बोले. ते तिनं आपल्या पदरात घेतलं होतं.

दोन वर्षांनी नलूचं लग्न जाम गावातल्या एका घरात झालं. ही बातमी टपरीवर पुलगावच्या एका कामगारानं दिली. मुलाचा बाप म्हणे पाहायला आला तेव्हा सरळ विचारून गेला होता, की लोक बोलतात ते खरं का. आणि बबनरावांनी त्याला नदीवरच्या बाईनं भर बैठकीत काय सांगितलं ते ऐकवलं होतं.

"तीच बाई ना तुमी?" कामगारानं विचारलं.

"चहात साखर पुरली का पाहा," जिजाबाई म्हणाली. आणि पाण्याचा रंग थोडा फिरलासा वाटला म्हणून वळणाकडे चालू लागली.