व्हर्नाची झापडं

ऑरिन घर सोडून नेवाडातल्या खाणीवर गेला, त्या दिवशी त्याच्या थोरल्या बहिणीने, व्हर्ना टोलमनने, मनाशी गाठ मारली. ड्वेन स्टॉडर्डला सोडायचं नाही.

ड्वेन हा आयडाहोच्या त्या खोऱ्यातला नावाजलेला वाटाड्या. बाहेरगावच्या धनवान शिकाऱ्यांना घोड्यांवरून डोंगरात न्यायचं, शिंगवाला डोंगरी मेंढा दाखवायचा, मांस आणि शिंगं खाली आणून द्यायची, हा त्याचा धंदा. ऑरिन अकरा वर्षं त्याचे घोडे हाकत होता. एका सप्टेंबरात ऑरिनच्या घोडागाडीत, गवताच्या गठ्ठ्याखाली, परवाना नसलेल्या मेंढ्याची शिंगं सापडली. शिकार ड्वेनच्या गिऱ्हाइकाने केलेली. ड्वेनने शिंगं तिथे दडवली, आणि न्यायाधीशासमोर बायबलवर हात ठेवून सांगितलं, "पोरगा चांगला होता हो. हाव सुटली त्याला."

ऑरिनचा शिकारीचा परवाना कायमचा गेला. वडलांची रायफल जप्त झाली. चर्चमध्ये लोक त्याच्या शेजारचा बाक रिकामा ठेवू लागले. शेवटी तो गेला, आणि नाताळला पत्रसुद्धा आलं नाही.

व्हर्ना तेव्हा एकोणपन्नास वर्षांची. लग्न केलं नव्हतं, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची, आणि दर शरदात एक हरीण स्वतः मारून वर्षभराचं मांस डब्यांत भरून ठेवायची. रागावली की ती ओरडत नसे, भांडी जास्त स्वच्छ घासे. त्या वर्षी शाळेची पातेली आरशासारखी झाली होती.

"ड्वेन सुधारलाय म्हणतात," सोबत काम करणारी आयोनी एकदा म्हणाली. "रविवारी देणगी देतो."

"कोंबड्या चोरणारा कोल्हा रविवारी चोरत नाही, एवढंच," व्हर्ना म्हणाली.

तिला ठाऊक होतं की शिकारीचा मोसम उघडायच्या आधी, ऑगस्टच्या शेवटी, डोंगरात माणूस नसतो तेव्हा ड्वेन आपला खरा धंदा करतो. जागाही ठाऊक होती. बॅजर खिंडीखालचा वाडग्यासारखा खोलगट भाग. तो दिसतो फक्त समोरच्या कड्यावरून, मैलभर अंतरावरून. तिने शाळा उघडण्याआधीची सुट्टी धरली, पाव, खारवलेलं मांस आणि पाण्याचे दोन कॅन पाठीवर घेतले आणि वडलांची दुर्बीण गळ्यात अडकवून कड्यावर जाऊन बसली.

सहाव्या सकाळी माणसं दिसली. दोन माणसं, तीन घोडे. बंदुकीचा बार ऐकू आला. पण सूर्य नुकताच डाव्या अंगाने वर आला होता. व्हर्नाला चष्मा. चष्मा घालून दुर्बीण लावायची तर डोळ्याकडच्या रबरी वाट्या दुमडाव्या लागतात, आणि मग डोळा नि काच यांच्यामधल्या फटीतून बाजूचं ऊन आत घुसतं. त्या दिवशी भिंगात तिला दिसल्या स्वतःच्याच पापण्या आणि त्यांच्यामागे ताकासारखं पांढुरकं धुकं. त्या धुक्यात माणसं हलत होती. तिने हाताचा आडोसा केला, तर एका हाताने दुर्बीण थरथरली. टोपी कलती करून पाहिली, जाकीट डोक्यावरून घेतलं तर श्वासाने काचा धुरकटल्या. तोवर घोडे खिंडीपलीकडे गेले होते.

ती तशीच खाली उतरून शिकारीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी वॉर्डनकडे गेली. बर्क नावाचा वॉर्डन तरुण होता, पण सरळ होता.

"ड्वेनच होता हे शपथेवर सांगाल?" त्याने विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. पण खोट्या शपथेनेच तिचा भाऊ गेला होता.

"नाही," ती म्हणाली.

आठवड्याभरात ही गोष्ट ड्वेनच्या कानावर गेली. दुकानात पिठाच्या पोत्यांपाशी त्याने तिला गाठलं. मागे चारपाच माणसं होती.

"काय गं व्हर्ना, डोंगरात माझा शोध घेत होतीस म्हणे. लग्नाचं मनात असेल तर घरी यायचंस की." माणसं हसली. "की डोळे गेले आता? म्हातारपण आहे बाई, चालायचंच."

व्हर्नाने पोतं खांद्यावर घेतलं. "डोळे आहेत रे," ती म्हणाली. "ऊन आडवं आलं."

त्या हिवाळ्यात तिच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर जेवण कमी आणि कातरकाम जास्त झालं. गाडीच्या घोड्याला रस्त्याकडेचं काही दिसू नये म्हणून डोळ्यांशी झापडं बांधतात. मग आपल्याच डोळ्यांना का नकोत? तिने ट्रकची फाटकी ट्यूब कापून दुर्बिणीच्या दोन्ही बाजूंना कानशिलापर्यंत पोचतील असे पंख केले आणि डोळ्याकडच्या नळ्यांवर ताणून बसवले. पहिल्या जोडीचं रबर उन्हात स्वतःच चमकू लागलं. मग तिने ते पॉलिश पेपरने घासून मंद केलं आणि आतून आपल्या रविवारच्या टोपीची काळी मखमल फाडून चिकटवली. दुसरी जोडी चेहऱ्याला इतकी घट्ट बसली की दोन श्वासांत काचा घामेजल्या. तिसऱ्या जोडीला तिने खालून हवेसाठी चामडं टोचायच्या आरीने भोकं पाडली आणि चष्म्याच्या काड्यांसाठी खाचा घेतल्या.

शाळेच्या मागच्या खिडकीतून धान्याच्या कोठाराची पाटी दिसायची. संध्याकाळी ऊन बाजूने येई तेव्हा व्हर्ना दुर्बीण लावून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचायची.

"किती वेळ चाललंय हे?" आयोनी म्हणाली. "रस्सा लागतोय बघ."

"लागू दे."

"एवढा राग बरा नव्हे गं. आतून खातो माणसाला."

"मला बरा पचतो," व्हर्ना म्हणाली. फेब्रुवारीत एका संध्याकाळी तिने पाटीची शेवटची ओळसुद्धा न अडखळता वाचली, आणि मगच रश्शाखालचा गॅस बंद केला.

पुढच्या ऑगस्टात ती पुन्हा कड्यावर बसली. दिवस जात होते. रात्री पाणी गोठत होतं, दुपारी दगड तापत होते. एकदा अस्वल तिच्या पावापाशी आलं, तिने दगड हाणून त्याला पिटाळलं. ड्वेन कोर्टात कसा दिसेल हे ती मनात घोळवत बसे. त्याचा चेहरा ऑरिनसारखा पांढरा पडलेला तिला पाहायचा होता. त्यापुढे काय, हे तिने कधी मनात आणलंच नाही.

तेराव्या सकाळी सातला, ऊन डाव्या अंगावर असताना, घोडे आले. व्हर्नाने दुर्बीण लावली. झापडांच्या आत विहिरीसारखा काळोख होता आणि त्या काळोखाच्या टोकाला वाडगा लख्ख उभा होता. ड्वेनची डावीकडे झुकती चाल, डाव्या अंगठ्याला बांधलेली पांढरी चिंधी, ओझ्याच्या घोड्याच्या मानेवरचा अर्धवट जळका डाग, सगळं दिसलं. लाल टोपीवाल्या गिऱ्हाइकाने मेंढा पाडला. ड्वेनने करवतीने शिंगं काढली आणि वाकड्या झाडाखालच्या कपारीत दगड लावून लपवली. व्हर्नाने घड्याळ पाहून सगळं कागदावर लिहिलं, कपारीचं चित्र काढलं.

बर्क दोन दिवस त्या कपारीवर पाळत ठेवून बसला. तिसऱ्या दिवशी ड्वेन शिंगं न्यायला आला आणि सापडला.

ऑक्टोबरात खटला उभा राहिला. ड्वेनचं म्हणणं, शिंगं कुणीतरी टाकलेली त्याला सापडली, तो ती सरकारजमा करायलाच नेत होता. त्याच्या वकिलाने व्हर्नाची उलटतपासणी घेतली.

"सकाळचे सात. सूर्य बाजूला. अंतर एक मैल. बाई, तुम्हाला चष्मा आहे. गेल्या वर्षी तुम्हाला काही दिसलं नव्हतं, बरोबर?"

"बरोबर. गेल्या वर्षी झापडं नव्हती."

लोक हसले. न्यायाधीश मात्र हसले नाहीत. तेही चष्मेवाले आणि जुने शिकारी. त्यांनी दुर्बीण मागून घेतली आणि उन्हाच्या खिडकीशी जाऊन टेकडीवरच्या कुरणाकडे पाहिलं. मग झापडं काढून पाहिलं. पुन्हा चढवून पाहिलं. सगळे ताटकळले होते.

"काळ्या गाईच्या कानातला बिल्ला पिवळा आहे," ते अखेर म्हणाले. "वकीलसाहेब, तुम्हीही बघा. आधी झापडांशिवाय."

वकिलाने पाहिलं आणि तो जागेवर जाऊन बसला. व्हर्नाने ड्वेनकडे पाहिलं. चेहरा पांढरा पडला होता. ती तो डोळे भरून पाहत राहिली.

ड्वेनच्या हाताखालच्या माणसाने आपल्या अंगावर येतंय म्हटल्यावर ऑरिनच्या गाडीतली शिंगंही कुणी ठेवली ते सांगून टाकलं. ऑरिनवरचा डाग पुसला गेला. ड्वेनचा धंदा कायमचा बंद झाला, घोडे विकले गेले. त्या लिलावाला व्हर्ना मुद्दाम गेली आणि कुंपणाला टेकून, ड्वेनला दिसेल अशी, शेवटचा घोडा जाईपर्यंत उभी राहिली.

निघताना तो तिच्याजवळ आला. "झालं समाधान?"

"नाही," ती म्हणाली. "पण चाललंय बरं."

ऑरिनने फोन केला. त्याचा आवाज जाडसर झाला होता. तिकडे त्याचं लग्न ठरलं होतं.

"किती दिवस बसलीस वर?"

"दोन्ही वर्षांचे मिळून एकोणीस."

"माझ्यासाठी कशाला एवढं, व्हर्ना? मी विसरत आणलं होतं."

"तुझ्यासाठीच असं नाही," ती म्हणाली, आणि बोलल्यावर तिलाच ते खरं वाटलं. तो परत येणार नव्हता. फोन ठेवून तिने सिंकमधली सगळी भांडी घासली, मग कपाटातली स्वच्छ भांडी काढून तीही घासली.

खटल्याची गोष्ट खोरंभर झाली आणि शिकारी तिच्याकडे झापडं करून मागायला येऊ लागले. ती प्रत्येकाच्या कानशिलाचं माप घेऊन करून देई. चार वर्षांनी एका दुपारी दारात एक मुलगी आली. वीसेक वर्षांची, जाड चष्म्याची, हातात जुनी दुर्बीण.

"पहिलंच हरीण मारायचंय," ती म्हणाली. "पण बाजूच्या उन्हाने काही दिसत नाही."

व्हर्नाने फीत घेऊन तिच्या कानशिलाचं माप घेतलं, नाकाची उंची पाहिली. "कुणाची गं तू?"

"ड्वेन स्टॉडर्डची."

व्हर्नाने फीत गुंडाळली. "स्टॉडर्डांना मी करून देत नाही," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. पायऱ्यांवरची पावलं फाटकापर्यंत गेलेली तिने ऐकली.

मग ती टेबलाशी बसली. माप डोक्यात होतं. तिने ट्यूब कापली, घासली, मखमल लावली, चष्म्याच्या काड्यांसाठी खाचा घेतल्या. काम नेहमीपेक्षा चांगलं झालं. ती जोडी तिने दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली. मुलगी पुन्हा आली नाही, आणि व्हर्नाने ती जोडी कधी कुणाबरोबर पाठवली नाही.