हळदीनंतरचा पूल

चंद्रपूरजवळच्या एका रिसॉर्टमध्ये मी स्विमिंग पूल सांभाळायचो. एका लग्नाच्या दिवशी सकाळीच मी पाणी तळ दिसेल इतकं नितळ केलं होतं. दुपारी हळद लागली आणि नवरदेवासकट सगळे पाहुणे तसेच पाण्यात उतरले.

"भाऊ, आधी अंग धुवा!" मी ओरडत राहिलो, पण कोणी ऐकेना. बघता बघता पाणी पिवळं, गढूळ झालं.

मॅनेजर म्हणाला, "क्लोरीन टाक ना जास्तीचं!"

"लोकं आत हायेत साहेब, त्याईचे डोळे जळतील."

शेवटी सगळ्यांना बाहेर काढून मी पूल बंद केला. संध्याकाळी नवरदेवाचा मामा माझ्यावरच डाफरला, "पाणी इतकं घाण काऊन ठेवता?"

मी फिल्टर धुवायला गेलो.