ग्वारीघाटावरची एक ओंजळ

आई आपणहून "जबलपूरला जाऊ" म्हणाली, तेव्हा भेडाघाटचा धुवांधार धबधबा बघायला मिळणार म्हणून मी खूश झाले. पण तिला धबधब्याशी घेणंदेणं नव्हतं. धाकट्या काकांचा फोन आला होता: रविवारी चर्चमध्ये सगळ्यांपुढे माझ्या चुकीची साक्ष देणार आहे, वहिनी, तुम्ही याच.

आमचे बाबा जबलपूरलाच वारले. आजारपणात शेजाऱ्यांच्या आग्रहावरून ते ग्वारीघाटावर गेले आणि ओंजळभर नर्मदेचं पाणी प्यायले. काका तेव्हा चर्चच्या मंडळीचे पंच होते. ही तर नदीची पूजा, असं त्यांनीच सभेत सांगितलं आणि सख्ख्या भावाचं प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली भाकर नि द्राक्षारस, बंद करवलं. बाबा ते न घेताच गेले. आम्ही नागपूरला आलो, ते परत फिरकलोच नाही.

नागपूरहून सिवनीमार्गे रस्ता झकास आहे. पाच-सहा तास धरा आणि सिवनीत पोहे-जलेबी खाऊन घ्या. राहायला नेपियर टाउन बरं. लॉज परवडतात, फक्त हॉर्न ऐकत झोपायची तयारी हवी. भेडाघाटला सकाळीच जा, दुपारी तिथल्या संगमरवरी कड्यांची चमक डोळ्यांना सोसत नाही. मी धबधबा बघून आले, आई बाकावर बसून राहिली. उद्या काका काय बोलतील, एवढंच तिच्या मनात होतं.

रविवारी काका सुरेख बोलले. "मी एका जिवाला दुखावलं," म्हणाले. जिवाला! सख्ख्या भावाचं नावसुद्धा घेतलं नाही. प्रभूनं क्षमा केली, आता मीही स्वतःला क्षमा केली, अब आगे बढ़ना है. सगळे आमेन म्हणाले. सुंठीवाचून खोकला गेला. प्रभूची क्षमा फुकट मिळते यावर माझाही विश्वास आहे, पण ती इतकी सोयीची असेल असं वाटलं नव्हतं. मला भयंकर राग आला.

बाहेर काकांनी विचारलं, वहिनी, बरं वाटलं ना? आई म्हणाली, ग्वारीघाटावर चला.

तिथे होड्या, दिवे विकणाऱ्या बाया, चहाच्या टपऱ्या, सगळं आहे. आई पायरीवर वाकली आणि ओंजळभर पाणी प्यायली.

"देवानं माफ केलं असेल, त्याच्यापुढे मी कोण?" ती म्हणाली. "पण काहून हो भाऊजी, आम्हाला कोणी विचारलंच नाही? घ्या, तुम्हीही प्या."

काकांनी ओंजळ भरली. मग मागे वळून पाहिलं, मंडळीतलं कुणी दिसतंय का. तेवढ्यात पाणी बोटांतून गळून गेलं.

"मी तेव्हाही भिऊन राहिलो होतो, वहिनी," ते म्हणाले, आणि ओले हात तोंडावर धरून पायरीवर बसले. सकाळच्या सगळ्या भाषणात एवढं खरं वाक्य नव्हतं. तरी मला त्यांची दया आली नाही.

परतताना खोव्याची जलेबी बांधून घेतली. ती घरी तशीच पडून राहिली. दोन दिवसांनी काकांचा फोन आला. या वेळी त्यांनी बाबांचं नाव घेतलं, रडले, माफी मागितली.

आईने त्यांचं बोलणं पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाली, "माझ्यापुरतं मी माफ केलं, भाऊजी. त्यांच्या वाटचं कसं करू?"

तिने फोन माझ्या हातात दिला. काका लाइनवरच होते. मी तो कानाला लावला नाही.