या बरं

मी गोंडपिपरी सोडलं तो सोमवार होता. बस सकाळी सातची होती. अब्बा स्टँडवर आले. त्यांनी माझी पिशवी दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली आणि बस निघेपर्यंत ते उभे राहिले. मी "येते" म्हटलं. ते काही बोलले नाहीत.

यात मनाला लागण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. त्यासाठी आधी आमचं दुकान सांगायला हवं.

बाजाराच्या रस्त्यावर आमचं कापडाचं दुकान होतं. घरात आम्ही हिंदी बोलायचो, दुकानात अब्बा गावची मराठी बोलायचे. कापूस निघाला की आसपासच्या खेड्यांतल्या बाया यायच्या. दहा लुगडी उलगडायला लावायच्या, रंगाला नावं ठेवायच्या आणि पुष्कळदा काही न घेता उठायच्या. "येतो सत्तारभाऊ," म्हणायच्या. अब्बा गादीवरून उतरून पायरीपर्यंत जायचे आणि म्हणायचे, "या बरं बाई." रिकाम्या हाताने जाणारीला ते जरा जास्तच मऊ आवाजात म्हणायचे. एक म्हातारी बाई सोबतिणीला म्हणाली होती, "काही घेतलं नाई तरी या म्हणते हा माणूस. आता लाजेनं तरी या लागते." अब्बा दिवसभर त्यावर हसत होते.

एकाच तऱ्हेच्या गिऱ्हाइकाला ते 'या' म्हणत नसत. मयताचं कापड न्यायला आलेला माणूस पायरी चढत नाही, खालूनच सांगतो. अब्बा गादीवरून उठायचे, पांढरा मांजरपाट हाताने फाडायचे, त्याला कात्री लावायचे नाहीत. घडी दोन्ही हातांनी द्यायचे आणि तो माणूस वळणापलीकडे जाईपर्यंत गप्प उभे राहायचे. अशा माणसाला पुन्हा या कसं म्हणायचं? नऊ वर्षांची असताना मीच एकदा ते म्हटलं होतं. अब्बा कापड देऊन उभे होते, मी गादीवर पुस्तक वाचत होते, आणि सवयीने बोलून गेले, "या बरं भाऊ." तो माणूस थांबला. माझ्याकडे बघत राहिला. अब्बांनी त्याच्यापुढे हात जोडले. मला ते रागावले नाहीत. रात्री जेवताना फक्त म्हणाले, "बेटा, वो लफ्ज सबके लिए नहीं होता."

म्हणून स्टँडवरचा तो सोमवार माझ्या मनात रुतून बसला. दोन्ही हातांनी दिलेली पिशवी आणि ते गप्प उभं राहणं मला ओळखीचं होतं. पुण्याला शिकायला जायला त्यांची मनापासून संमती नव्हती. मी धरून चालले की अब्बांच्या लेखी मी गेले.

पुण्यात शिकले, एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी लागली. कॅटलॉग, इश्यू काउंटर, पीएमटीचा पास हे शब्द माझे झाले. दुकानांतल्या कॅरीबॅगवर 'थँक यू, व्हिजिट अगेन' छापलेलं असायचं. ते कुणी म्हणायचं नाही, नुसतं लिहिलेलं असायचं. पहिल्या दोन ईदना मी घरी गेले नाही. पत्रात परीक्षेचं कारण लिहिलं, ते खोटं होतं. नंतरही जायचे ती दोन दिवसांसाठी. निघताना दारात "येते" म्हणायचे आणि थांबायचे. अब्बा पिशवी द्यायचे, दोन्ही हातांनी. बोलायचे नाहीत.

एकदा मी गंमत केली. म्हणजे गंमत नव्हती ती. दुकानात गेले, टॉवेलच्या थप्पीतून एक टॉवेल काढला आणि गिऱ्हाइकासारखं म्हणाले, "भाऊ, हा द्या मले." अब्बा हसले. टॉवेलची नीट घडी घालून त्यांनी माझ्या पिशवीत ठेवली. "ले जा. पूछती क्या है." मी पायरी उतरले, मुद्दाम हळूहळू. मागून शब्द आला नाही.

ती शेवटची भेट. लायब्ररीत फोन आला आणि मी निघाले, पण पुणं ते गोंडपिपरी हा एका रात्रीहून लांबचा प्रवास आहे. पोचले तेव्हा दफन होऊन गेलं होतं. दुकानाचं एक फळकूट उघडं होतं आणि पायरीवर लक्ष्मणकाका बसले होते. ते शेजारचे किराणावाले, अब्बांचे तीस वर्षांचे सोबती. कापड कुणी दिलं, असं मी विचारलं.

"मीच फाडलो, त्याच्याच ताग्यातलं," ते म्हणाले. "तो करे तसाच. काही बोललो नाई."

मग मी त्यांना इतक्या वर्षांत कुणालाच न विचारलेलं विचारलं. अब्बांनी मला कधीच 'या' का म्हटलं नाही?

काका माझ्याकडे वळले. "तू त्याचा राग धरून होती काय, नसीम? तू पहिल्यांदा गेली, त्या दिवशीच मी त्याले म्हटलो, काऊन रे सत्तार, पोरीले या तरी म्हणाचं होतं. तर मलेच हसला. म्हणे, थे काय गिऱ्हाईक हाये? परक्याले या म्हणा लागते. घरच्या माणसाले कोणी बोलावते काय?"

मी पायरीवर बसले. त्या दोन ईद मला आठवल्या. मी यायला हवं होतं आणि कुणी बोलावण्याची वाट बघत बसले होते. तुमच्यापैकी जे घर सोडून गेलात आणि कशाची तरी वाट बघत थांबला आहात, त्यांनी थांबू नये. एवढ्यासाठी हे लिहिलं.

दुकान आता दुसऱ्याकडे आहे. तिथे मोबाइलचं रिचार्ज होतं. तो टॉवेल विरला, पण मी टाकलेला नाही. अम्मी माझ्याजवळ पुण्याला राहते. सकाळी मी कामाला निघते तेव्हा ती डबा हातात देते आणि दारात उभी राहते. काही बोलत नाही.