कुलूपबंद खोलीतले वीस अंश

त्या घटनेपासून आजही दाराची बेल वाजली की मी आधी घरात कसला वास येतोय ते बघतो. पोलिसातल्या सबंध नोकरीत बेल वाजवणारा मीच होतो, तरीही.

निवृत्तीनंतर आम्ही उभयता लेकीच्या बाळंतपणासाठी रियाधला गेलो. तिथल्या मलाझ भागातली जुनी इमारत. जावई एका बँकेच्या आयटी विभागात. नावे देत नाही, घरचीच मंडळी आहेत.

पहिली खबर सौभाग्यवतींकडून आली. माझे निम्मे खबरी तिच्यापुढे फिके पडले असते.

"अहो, स्वयंपाकघरामागची खोली कायम कुलपात. आत एसी अहोरात्र चालू. फ्रीझरमधल्या बर्फाच्या बाटल्या पाणी होऊन परत येतात. आणि जावईबापूंनी माशांच्या टाकीला लावतात तो थर्मामीटर आणलाय."

"मासे पाळले असतील."

"कुलपात?"

मी पाळत ठेवली. जावई दुपारी घरी यायचा, जेवणाआधी त्या खोलीत जायचा आणि ओल्या बाह्यांनी बाहेर यायचा. चेहरा तापातल्या पोराच्या कपाळावरची पट्टी बदलून आल्यासारखा.

शुक्रवारी त्याला समोर बसवले. चौकशीत गप्प बसणे हे सर्वांत प्रभावी हत्यार, असे मी नव्या फौजदारांना शिकवत असे. मी गप्प बसलो. तोही बसला. शेवटी मीच फुटलो.

"खोलीत काय आहे?"

"सामान आहे, बाबा."

"सामानाला उकडतं?"

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. खालचा चौकीदार होता. त्या खोलीच्या एसीचे पाणी कुणाच्या तरी गाडीवर ठिबकत होते. तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर, मेकॅनिकला घेऊन येतो, म्हणाला. जावयाच्या तोंडचे पाणी पळाले. कुलूप त्याने स्वतःच उघडले.

पाण्याच्या टबात झाकणबंद पिंप, त्याला ओला टॉवेल, भोवती बर्फाच्या बाटल्या, आणि टॉवेलाखाली पिंपाला चिकटवलेला थर्मामीटर. वास मी लगेच ओळखला. आमच्या पंचनाम्यांत त्याला रसायन म्हणतात.

"बिअर आहे, बाबा. वीस अंशांच्या आसपास ठेवावी लागते. आंबताना ती आतून तापते, खोलीपेक्षा जास्त. तापली की फेस उतू जातो, वास दाराबाहेर जातो."

"आणि इथल्या दारूबंदीत सापडलात तर?"

"आधी तुरुंग. मग इकामा रद्द, म्हणजे राहण्याचा परवानाच गेला. खलास."

मागे लेक पोटावर हात ठेवून उभी होती. तिला यातले काही ठाऊक नव्हते. "आणि मी इथे एकटीने..." एवढेच बोलली. बाहेर असरची अजान सुरू झाली.

रसायन जागीच नष्ट करावे, अशी आमची पद्धत. फरक इतकाच, की पंच नव्हते, नमुना सीलबंद झाला नाही आणि बादल्या मी स्वतः वाहिल्या. सगळे संडासात गेले. वास मात्र जाईना. तेव्हा सौभाग्यवतींनी गावाहून आणलेली सुकट काढली आणि तव्यावर टाकली.

बेल वाजली.

धाडीत दार उघडणारी माणसे थिजून बघायची, आणि मी ती निम्मी कबुली समजायचो. आता मी, थेंबालाही न शिवलेला, त्याच चेहऱ्याने दार उघडले.

चौकीदार नाक दाबून जिन्यातच थांबला. मेकॅनिक केरळचा, सुकटीच्या वासाने खुलला. एसी उघडून म्हणाला, "साब, अंदर बर्फ जम गया. इतना ठंडा किसके लिए?" मग त्याची नजर आवराआवरीत खिडकीत राहून गेलेल्या थर्मामीटरकडे गेली. "और ये?"

जावई थर्मामीटर उचलून बाहीला पुसू लागला. मी वीस वर्षे साक्षीदारांना बोलते केलेला माणूस. मी एसीचा प्लग न्याहाळू लागलो.

"बच्चे के नहाने का पानी देखने को," स्वयंपाकघरातून सौभाग्यवती म्हणाली. "आनेवाला है ना."

मेकॅनिकने हसून मान डोलावली. जाताना कागदात बांधून सुकट घेऊन गेला.

घाबरलेला चेहरा हा पुरावा नव्हे, हे मी त्या दुपारी शिकलो. शिकायला निवृत्त व्हावे लागले, हे खात्याचे दुर्दैव.

पुढे नात झाली. पहिल्या आंघोळीला जावयाने खरोखरच तो थर्मामीटर टबात बुडवला. "अहो जावईबापू, कोपर बुडवून बघायचं असतं," सौभाग्यवती म्हणाली. तो ऐकेना. ओल्या बाह्यांनी, श्वास रोखून, आकड्याकडे बघत राहिला. ह्या वेळी दार सताड उघडे होते.