आधी कॉम्प्युटरवर चालवून दाखव

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत सलिलरावांची गाडी सगळ्यात चकचकीत. का नसेल? बाहेर काढतंय कोण ती! रविवारी एक चक्कर मारायची, पुसायची, परत जागेवर. त्यांच्या बायकोला, आमच्या सुनीतीताईंना, लायसन्स काढून वीस वर्षं झाली. पण किल्ली मागितली की सलिलरावांचं ठरलेलं उत्तर, आज नको, ट्रॅफिक आहे. पुण्यात ट्रॅफिक कधी नसतो, तेवढं मला कुणीतरी सांगा.

मी यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते, त्यामुळे सगळं कानावर पडतं. न पडलं तर मी विचारते. यंदा सुनीतीताईंच्या थोरल्या बहिणीचं, रतनताईंचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या हडपसरला एकट्या. रोज दोन बस आणि एक रिक्षा करून डबा न्यायचा, आणि हिची स्वतःची गाडी खाली उभी! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सुनीतीताई मात्र पुन्हा शांतपणे किल्ली मागायच्या.

एका संध्याकाळी चहा पिता पिता सलिलराव म्हणाले, "आधी कॉम्प्युटरवर तासभर चालवून दाखव. कुठेही न ठोकता. मग किल्ली तुझी."

बोलणं चेष्टेचं होतं. घरातला कॉम्प्युटर मुलीच्या बारावीचा. चालू केला की उघडेपर्यंत कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या. त्यावर गाडीची गेम चालणार म्हणजे रेड्यानं दूध देणं. पण सुनीतीताई हसल्या नाहीत. "ठीक आहे," म्हणाल्या. मी लगेच सांगून टाकलं की साक्षीला मी आहे.

दुसऱ्या दिवसापासून बाई व्हिडिओ बघायला बसल्या. नवीन कॉम्प्युटर घ्यायचा नाही, आहे त्यालाच उभं करायचं, हे पक्कं. भिशी लागली होती, तेवढ्यात बसवायचं. रॅम वाढवली, जुनी डिस्क काढून वेगवान एसएसडी घातली. सदाशिव पेठेत खोली घेऊन राहणारी तनया नावाची मुलगी नोकरीसाठी बंगळूरला निघाली होती, तिच्याकडून वापरलेलं ग्राफिक्स कार्ड आणि स्टिअरिंग घेतलं. तिथेच गेम लावून, चालवून बघितल्याशिवाय पैसे काढले नाहीत. कार्डाला वीज जास्त लागते म्हणून वीज पुरवणारा एसएमपीएस नवा. तो मात्र सेकंडहँड नको, असं त्यांचं ठाम मत. सगळं स्वतः बसवलं. स्क्रू वाटीत, वाटी देवघरात, म्हणजे कुणी हलवणार नाही.

रविवारी परीक्षा. पडद्यावर शहर, सिग्नल, मधेच पळणारी माणसं. काय सफाईने चालवत होत्या! पंधरा मिनिटं झाली आणि पडदा काळा. कॉम्प्युटर ठप्प.

"गाडी रस्त्यात बंद पडली," सलिलराव म्हणाले. "ढकलू का?"

मला राग आला. पुढच्या रविवारी शेवटची संधी, नाहीतर कॉम्प्युटरचा डबा भंगारात, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. सुनीतीताईंनी रिक्षात घालून कॉम्प्युटर दुकानात नेला. तिथे दीड तास गेम चालली, खोट काही सापडेना. घरी आणला, परत पंधरा मिनिटांत बंद. वायरमनने प्लग तपासला, तोही ठीक. मला तर सरळ सलिलरावांचाच संशय. तसं मी बोललेही, आणि सुनीतीताईंनी मला गप्प केलं. पण त्या रात्री जेवल्या नाहीत. "गाडीने येते म्हणून रतनताईला सांगून बसलेय मी," एवढंच म्हणाल्या, आणि मला फार वाईट वाटलं.

शुक्रवारी मी तिथेच होते. त्या सराव करत होत्या, आणि एकदम थांबून हवा हुंगायला लागल्या. "इस्त्री कुणी चालू ठेवलीय?" इस्त्री तर कपाटात होती. बाई वास काढत काढत खाली वाकल्या आणि कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला. तसाच झटकन उचलला.

डब्यावर खोळ होती! खिडकीच्या पडद्याच्या उरलेल्या कापडाची, त्यांनीच बारा वर्षांपूर्वी शिवलेली. बटणापुरतं भोक ठेवलेलं, म्हणजे खोळ कधी काढायलाच नको. आतापर्यंत पत्रं टाइप करायची, तेवढ्याने डबा कशाला तापतोय? आता आत कार्ड भट्टीसारखं तापत होतं आणि वर आम्ही त्याला दुलई पांघरवून बसलो होतो. दुकानात उघडा, म्हणून ठणठणीत! घरी आणला की सलिलराव खोळ घालणार, धूळ बसते म्हणून. त्यांचा रिमोटसुद्धा प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो. आणि आम्हा दोघींनाही त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण माझ्याही घरी तेच.

सुनीतीताईंनी खोळ ओढून काढली. सलिलराव धूळ, धूळ म्हणत राहिले. "धूळ मी पुसेन," त्या म्हणाल्या.

रविवारी तासभर चालवलं. तासाच्या वर दहा मिनिटं, माझ्या आग्रहाखातर. एक ओरखडा नाही! सलिलरावांनी किल्ली आणून टेबलावर ठेवली आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. मी टाळ्या वाजवल्या. कुणाला काय वाटायचं ते वाटो.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन त्यांनी खऱ्या रस्त्यावरची उजळणीही केली, आणि मग आम्ही हडपसरला निघालो. सुनीतीताई स्टिअरिंगवर, शेजारी सलिलराव, मागे डबा घेऊन मी. स्वारगेटपर्यंत त्यांचं "हळू, डावीकडे, बस आली" चालू होतं. नंतर आवाज कमी होत गेला. रामटेकडीच्या पुढे मी वाकून बघितलं, तर मान कलंडलेली, तोंड उघडं, गाढ झोप. लेकीच्या लग्नाला पगारी ड्रायव्हर ठेवला होता, तेव्हा हा माणूस कोल्हापूरपर्यंत टक्क जागा होता.

मी सुनीतीताईंच्या खांद्याला हात लावून दाखवलं. त्यांनी एकदा बघितलं, डोळे भरून आले, आणि लगेच नजर रस्त्यावर.

"येताना तुम्ही पुढे बसा," त्या म्हणाल्या. "यांना मागे नीट आडवं होऊ दे."